बाराटांगला जायचं की नाही? अंदमानहून आल्यावर

पहाटे पावणेचारला बाराटांग बेटाच्या वाटेवरच्या जिरकाटांग चौकीपाशी आमची ट्रॅव्हलर रांगेला लागली, तेव्हा पुढे चाळीसेक गाड्या होत्या. पहिला ताफा सहाला सुटतो. तोवर टपरीवरचा चहा, मेदूवडा आणि गप्पा. बंगाली, गुजराती, मराठी, कुठल्याही गाडीपाशी उभं राहा, कानावर एकच प्रश्न येत होता: "दिसतील का?" ताडोबाच्या गेटवर वाघाबद्दल विचारतात ना, अगदी त्याच सुरात. लिहायला लाज वाटते, पण आमच्या ड्रायव्हरला तो प्रश्न मीही विचारून झाला होता.

मराठी माणसाचं अंदमान ठरलेलं असतं. सेल्युलर जेल, रॉस, हॅवलॉक, नील आणि एक दिवस बाराटांग. टूरवाल्याच्या कागदावर त्या दिवशी 'चुनखडीच्या गुहा व चिखलाचा ज्वालामुखी' एवढंच छापलेलं होतं. फोनवर मात्र तो म्हणाला, "आणि नशीब असलं तर रस्त्यात जारवापण." जारवा म्हणजे तिथल्या जंगलात राहणारे आदिवासी. तिथेच फोन ठेवायला हवा होता. ठेवला नाही.

जिरकाटांग ते मिडल स्ट्रेट हा अंदमान ट्रंक रोडचा साधारण पन्नास किलोमीटरचा टप्पा जारवा राखीव क्षेत्रातून जातो. चौकीवर प्रत्येकाचं नाव लिहिलेला फॉर्म आणि मूळ ओळखपत्र लागतं. पुढेमागे पोलीस आणि मधे गाड्या, असा ताफा निघतो. थांबायचं नाही, ओव्हरटेक नाही, फोटो नाही, खिडकीतून काही द्यायचं नाही. दीड तास कुठेही उतरता येत नाही, त्यामुळे स्वच्छतागृहाचं काम जिरकाटांगलाच उरकून घ्या. ज्येष्ठांना हे दोनदा सांगा. आमच्या सासूबाईंना मी एकदाच सांगितलं आणि तो दीड तास त्यांना फार जड गेला.

जाताना काही दिसलं नाही. गाडीत चक्क हळहळ व्यक्त झाली. परतताना दुपारच्या ताफ्यात, एका वळणानंतर दिसले. काय दिसलं ते इथे लिहीत नाही. तीनचार सेकंदांत पाहिलेल्या माणसांचं वर्णन करण्याइतकी माझी त्यांच्याशी ओळख नाही. गाडीच्या आत काय झालं ते मात्र सांगतो. बाराच्या बारा जण डाव्या बाजूला कलंडले. मागच्या सीटवरच्या काकांनी मोबाइल वर काढला. ड्रायव्हर आरशातून बघत ओरडला, "काका, नीचे रखो! आपका क्या, मेरा परमिट जाएगा!" काकांनी फोन खाली घेतला आणि पुढचे पाच मिनिटं "आम्ही काय त्यांना खाणार होतो का" असं पुटपुटत बसले. शेजारच्या काकूंच्या मांडीवर बिस्किटाचा पुडा होता, फोडलेला. तो कशासाठी फोडला होता, हे कुणी विचारलं नाही.

हा रस्ता १९७० च्या दशकात जंगल कापून बांधायला घेतला. जारवांनी तेव्हा बाण मारून विरोध केला होता. १९९६ मध्ये कदमतला गावाजवळ पाय मोडून पडलेला एक जारवा तरुण लोकांना सापडला. पोर्ट ब्लेअरच्या रुग्णालयात काही महिने उपचार घेऊन तो जंगलात परतला. त्यानंतरच्या वर्षी जारवा दिवसाउजेडी, हातात धनुष्य न घेता, वस्त्यांकडे येऊ लागले. आणि १९९९ मध्ये त्यांच्यात गोवर पसरला. आपल्याकडे पोराला गोवर आला की आजी कडुलिंबाचा पाला उशाशी ठेवते आणि आठवड्याभरात पोर खेळायला लागतं. ज्यांच्या अंगाला त्या रोगाची ओळखच नाही, त्यांच्यासाठी हिशेब वेगळा असतो. ग्रेट अंदमानी या अंदमानातल्याच दुसऱ्या आदिवासी लोकांत १८७७ मध्ये गोवराची साथ आली होती. इंग्रजांनी १८५८ मध्ये कैद्यांची वसाहत केली तेव्हा हे लोक काही हजार होते. २०११ च्या जनगणनेत ४४ उरले होते. जारवा त्याच जनगणनेत ३८०.

म्हणजे आपली खिडकीबाहेर फेकलेली बिस्किटं, आपला खोकला आणि आपलं 'नुसतं बघणं' याला एवढा मागचा इतिहास आहे. राखीव क्षेत्रातला रस्ता बंद करा, असं सर्वोच्च न्यायालयाने २००२ मध्येच सांगितलं होतं. तो बंद झाला नाही. २०१२ मध्ये पर्यटकांसमोर जारवा बायकांना नाचायला लावल्याची चित्रफीत जगभर गेली, तेव्हा गदारोळ झाला, नियम कडक झाले, आणि ताफे चालूच राहिले. दुसरी बाजूही आहे. मधल्या आणि उत्तर अंदमानात पूर्व पाकिस्तानातून आलेल्या निर्वासितांची गावं आहेत, त्यांना अडीनडीला दवाखाना गाठायचा तर हाच रस्ता. आमच्या पुढे सरकारी बस होती, तिच्यातले लोक खिडकीला डोकं टेकून झोपले होते. त्यांच्याबद्दल माझी काही तक्रार नाही. प्रश्न आपल्यासारख्या हौशींचा आहे.

आणि हौस फिटली का? मिडल स्ट्रेटला बार्जवरून खाडी ओलांडायची, मग स्पीडबोटीने खारफुटीतून जायचं आणि दीडेक किलोमीटर चालून गुहा. बोटीचा तो प्रवास सुंदर आहे, खोटं बोलणार नाही. पण खारफुटीच बघायची तर वेंगुर्ल्याच्या मांडवी खाडीतही बघता येते. गुहा बरी. चिखलाचा ज्वालामुखी म्हणजे कुंपण घातलेला, बुडबुडे सोडणारा चिखल. त्यासाठी रात्री दोनला उठलो होतो.

माझं मत विचाराल तर बाराटांग गाळा. रंगत गावाकडे किंवा लाँग आयलंडकडे जायचंच असेल तर पोर्ट ब्लेअरच्या फिनिक्स बे जेट्टीवरून सरकारी बोटी आहेत. तिकीट लवकर काढा, आणि समुद्र खवळला तर बोट रद्द होते म्हणून परतीच्या विमानाआधी एक दिवस मोकळा ठेवा. तरीही रस्त्याने गेलातच, तर ड्रायव्हरला "स्लो करा ना जरा" म्हणू नका. कॅमेरा बॅगेत आणि बॅग डिकीत. खाऊ मुलांच्या हातात देऊ नका. फोटो काढणं हा गुन्हा आहे आणि त्याला तुरुंगवास आहे. सर्दीतापाचं माणूस बरोबर असेल तर त्या दिवशी हॉटेलवरच राहा. सोमवारी गुहा बंद असतात.

'सेंटिनेलच्या जवळून बोट नेतो' असं कुणी म्हणालं तर तिथूनच वळा. उत्तर सेंटिनेल बेटाभोवती पाच सागरी मैलांच्या आत जायला बंदी आहे. २०१८ मध्ये एक अमेरिकन तरुण धर्मप्रसारासाठी मच्छीमारांना पैसे देऊन तिथे पोहोचला आणि मारला गेला. तिथले सेंटिनेली आदिवासी जगापासून अगदीच अनभिज्ञ आहेत, अशी आपली समजूत असते. १९८१ मध्ये त्यांच्या खडकांवर 'प्रिमरोज' नावाचं जहाज अडकलं, त्याचं लोखंड त्यांनी हत्यारांसाठी वापरलं. काय घ्यायचं आणि काय नाही हे त्यांना नीट कळतं.

वाचलेला दिवस पोर्ट ब्लेअरमध्येच घालवा. (शहराचं नाव २०२४ पासून श्रीविजयपुरम आहे, पण रिक्षावाला अजून पोर्ट ब्लेअरच म्हणतो.) मानववंशशास्त्र संग्रहालय छोटं आहे, गर्दी नसते, तेही सोमवारी बंद. तिथे जारवांचं झाडाच्या सालीचं छातीचं कवच बघा. रुंद पट्टा, छातीभोवती गुंडाळायचा. दुरून पुठ्ठा वाटतो, जवळ गेलं की वरची नक्षी दिसते. सासूबाई त्याच्यासमोर बराच वेळ उभ्या होत्या. मग म्हणाल्या, "हे करायला किती दिवस लागत असतील रे?" अख्ख्या सहलीत त्या लोकांबद्दल कुणी विचारलेला 'दिसतील का' सोडून हा पहिला प्रश्न.

संध्याकाळी समुद्रालगतच्या मरीना पार्ककडे जा. तिथे अबर्डीनच्या लढाईचं स्मारक आहे. मे १८५९ मध्ये अंदमानी लोकांनी इंग्रजांच्या वसाहतीवर हल्ला केला. दूधनाथ तिवारी नावाचा पळालेला कैदी वर्षभर त्यांच्यात राहिला होता, त्यांनी त्याला ठेवून घेतलं होतं, आणि त्यानेच आधी जाऊन इंग्रजांना खबर दिली. बाण विरुद्ध बंदुका, जे व्हायचं ते झालं. तिवारीला शिक्षा माफ झाली. स्मारक लढलेल्या अंदमानींचं आहे. आम्ही गेलो तेव्हा त्याच्या पायरीवर दोन पोरं भेळ खात बसली होती, आणि आमच्याशिवाय तिकडे कुणीच बघत नव्हतं. तिथे साडेपाचलाच अंधार पडतो, म्हणून पाचच्या आत पोहोचा, नाहीतर पाटीवरची अक्षरं मोबाइलच्या उजेडात वाचावी लागतात.