आईची नागीण, आणे आणि रात्रीची ती गोळी

आईला नागीण झाली गेल्या पावसाळ्यात. आम्ही बेळगावच्या शहापुरात वडगावच्या अंगाला राहतो. उजव्या बरगडीखाली पुरळ दिसलं तसं शेजारच्या काकू म्हणाल्या, तोंड आणि शेपटी जुळायच्या आत उतरवून घ्या, म्हणून खानापूरकडं एका गावात नेलं, दूर्वा-तांदळाचा लेप लावला आणि त्यातच चार दिवस गेले. नंतर कळलं की नागिणीवरची विषाणूची गोळी पुरळ आल्यापासून ७२ तासांत सुरू केली तर जास्त चांगलं. लेपाचा राग नाही, आमच्या उशिराचा आहे.

पुरळ वाळलं खरं, दुखणं गेलं नाही. ब्लाउज घासला तरी आग, फॅनचं वारं लागलं तरी आग, शेवटी बाबांचं धुऊन धुऊन मऊ झालेलं बनियन उलटं करून घालायला लागली, शिवण टोचायला नको म्हणून. डॉक्टरनी प्रेगाबालिन ७५ मिलिग्रॅमची गोळी लिहून दिली. मेडिकलवाला म्हणाला "रात्री ओंदु" (कानडीत एक), झालं, बाकी कुणी काही सांगितलं नाही.

दहापैकी किती दुखतंय असलं आईला विचारून उपयोग नाही. तिनं आणे धरले, सोळा आणे म्हणजे पुरतं दुखणं. गोळीच्या आधी चौदा आणे, दहा दिवसांनी आठ. आठ आणे कमी नव्हेत ओ, पहिल्यांदा सलग पाच तास झोपली! खरं पहाटे उठली की भिंत धरत जायची, एकदा मोरीच्या उंबऱ्यावर पडली, कोपर फुटलं. पायाला सूज आली, जोडवी रुतायला लागली, साबण लावून काढली.

मग मी वाचायला बसलो. ही मुळात फिटवरसुद्धा देतात ती गोळी, नसांचे चुकीचे निरोप थोडे मंद करते. सूज, गरगर, गुंगी, वजन वाढणं हे सगळं तिच्या खात्यातलंच. हिचीच बहीण गॅबापेंटिन, नागिणीनंतरच्या दुखण्यावर तिच्या ज्या चाचण्या झाल्या त्यात १०० पैकी ३२ जणांचं दुखणं निम्म्यानं तरी उतरलं, आणि नुसती खोटी गोळी खाल्लेल्या १०० पैकी १७ जणांचंही उतरलं. म्हणजे बऱ्याच जणांना तेवढा फरक पडतच नाही आणि गरगर मात्र खावी लागते. आईचं चौदावरून आठ म्हणजे निम्म्याला थोडं कमीच, तरी फरक पडला, हे नशीब.

तेवढ्यात भाचीनं फॉरवर्ड पाठवलं की ब्रिटननं २०१९ मध्ये या दोन्ही गोळ्या नियंत्रित औषधांत घातल्या. बातमी खरीच आहे, सवय लागते म्हणून तिकडं तसं केलं. खरं घरात त्याचं "नशेची गोळी" झालं आणि आईनं कुणाला न सांगता एका रात्रीत बंद केली. तीन रात्री डोळ्याला डोळा नाही, दरदरून घाम, पोटात मळमळ, आणि आणे परत चौदावर. ही गोळी अशी झटकन सोडायची नसते, हळूहळू कमी करत आणायची असते, हे पहिल्याच दिवशी सांगायला काय मोडलं असतं?

दुसऱ्या डॉक्टरांकडं गेलो तर त्यांनी आधी डबा ओतायला लावला. त्यात गुडघ्यासाठी दुसऱ्याच कुणी दिलेली ट्रामाडॉल नावाची दुखण्यावरची कडक गोळी निघाली. दोन्ही एकत्र घेतल्या तर गुंगी वाढते आणि म्हाताऱ्या माणसाचा श्वाससुद्धा मंदावू शकतो म्हणाले, ट्रामाडॉल बंद. मग रक्त तपासलं, किडनीचा अंदाज देणारं क्रिएटिनिन १.६, म्हणजे जास्त. प्रेगाबालिन जवळपास सगळी किडनीतूनच बाहेर जाते, किडनी थकलेली असली की अंगात साठून राहते, म्हणजे आईची ७५ ही तरण्या माणसाच्या ७५ पेक्षा भारी पडत होती. पहिल्यांदा लिहिताना किडनीचं कुणी विचारलंच नव्हतं, आणि आम्हीही सांगितलं नाही.

आता रात्री २५. दुखणं नऊ-दहा आणे राहतं. मला वाटलं ५० करून घेऊया, डॉक्टरपण करूया म्हणत होते, खरं आईच नको म्हणाली. "दोन आणे दुखू दे रे, मोरीत पडायला नको." दिवसाचं दुखणं तिला सोसतं, पहाटे पायाखालची जमीन हलली की ती घाबरते, आणि हा हिशेब तिच्याशिवाय कुणाला जमला नसता, मी तर नुसते आणे मोजत बसलो होतो.

डॉक्टर म्हणतात पुढच्या महिन्यात आणखी कमी करून बघू. आई म्हणते दिवाळी होऊ दे, फराळ कोण करणार? जोडवी अजून डब्यातच आहेत, धाकट्या बोटात बसतात, मोठ्यात बसत नाहीत.