गुरू १८ वर अडकला होता

शनिवार, ३ जानेवारी २०२६. पौष पौर्णिमा, चंद्र मिथुनेत गुरूच्या शेजारी, आणि गच्चीवर पाण्याच्या टाकीची सावली दुपारसारखी ठसठशीत. तेजोमेघ, दीर्घिका वगैरे विसरायची रात्र. ग्रहांना चंद्राचा काही त्रास नसतो, म्हणून सेकंडहँड घेतलेला कॅमेरा पहिल्यांदा दुर्बिणीला लावला.

सरंजाम असा: ८ इंची डॉबसोनियन (साध्या बैठकीवर हाताने वळवायची आरशाची दुर्बीण), फोकल लेंग्थ १२०० मिमी, पुढे दुपटीचा बार्लो (फोकल लेंग्थ वाढवणारं भिंग), म्हणजे २४००. कॅमेऱ्यात आयएमएक्स ४६२ सेन्सर, १९३६ × १०९६ पिक्सेल, प्रत्येक पिक्सेल २.९ मायक्रॉनचा. ग्रहाच्या फोटोसाठी भराभर हजारो फ्रेम्स घेऊन एकावर एक चढवायच्या असतात, म्हणून वेग महत्त्वाचा. पूर्ण चौकटीला सेकंदाला १३६ फ्रेम्स, असं कागदावर. शार्पकॅप या कॅमेरा चालवायच्या सॉफ्टवेअरच्या खालच्या पट्टीत मला दिसत होत्या १६.

पहिली चूक माझीच, आणि तीही अगदी बाळबोध. एक्स्पोजर, म्हणजे एका फ्रेमला प्रकाश घ्यायचा वेळ, ६० मिलिसेकंद ठेवलं होतं. एका सेकंदात ६० मिलिसेकंदाचे तुकडे १६ च बसणार. गेन (सेन्सरचा सिग्नल किती वाढवायचा ते) वाढवला, एक्स्पोजर ८ वर आणलं. आता १२५ पर्यंत जायला हरकत नव्हती. आकडा १६ वरून हलला आणि १८ वर जाऊन बसला.

या दोन फ्रेम्सनी मला फसवलं. थोडं वाढलंय म्हणजे दिशा बरोबर असणार, असं वाटून मी एक्स्पोजर ५, ३, १ असं उतरवत गेलो. गुरू काळवंडत गेला, आकडा १८ च. शेवटी रात्री १ वाजता कॅमेरा विकणाऱ्याला एक तिखट मेसेज टाकला आणि झोपलो.

रविवारी सकाळी आमच्या मंडळातल्या एका ज्येष्ठांना फोन केला. गुरूचे फोटो काढण्यात त्यांचा हात कुणी धरणार नाही.

"सर, कॅमेरा फारच स्लो आहे हो."

"स्लो म्हणजे किती? आकडा सांग."

"अठरा."

"पूर्ण चौकट? आठ बिट? मग गुणाकार कर आणि मला परत फोन कर." फोन बंद.

गुणाकार केला. १९३६ गुणिले १०९६ म्हणजे २१ लाख २१ हजार ८५६ पिक्सेल. आठ बिटमध्ये पिक्सेलमागे एक बाइट, म्हणजे एक फ्रेम २.१ एमबीची. सेकंदाला १८ म्हणजे ३८ एमबी. हा आकडा ओळखीचा निघाला. यूएसबी २.० कागदावर ४८० मेगाबिटचं, म्हणजे ६० एमबीचं, पण प्रत्यक्षात त्यातून ४० च्या आतबाहेरच निघतं. कॅमेरा यूएसबी ३.० चा, लॅपटॉपचं पोर्टही निळं, म्हणजे ३.० चंच, तरी डेटा जुन्या बोळातून चालला होता.

खात्री करायला दिवसाढवळ्या, कॅमेऱ्याला टोपी घालूनच, १६ बिट मोड लावला. फ्रेम दुप्पट जड, म्हणजे ९ यायला हव्यात. बरोबर ९ आल्या. ज्यांचा आकडा अडकलाय त्यांनी ही चाचणी आधी करावी, दहा सेकंद लागतात. बिट बदलून फ्रेम अर्धी हलकी केल्यावर वेग दुप्पट आणि दुप्पट जड केल्यावर अर्धा होत असेल, तर अडथळा वाहतुकीत आहे, सेन्सरमध्ये किंवा एक्स्पोजरमध्ये नाही.

ड्रायव्हर काढला, परत टाकला. पोर्ट बदललं. लॅपटॉप दोनदा रीस्टार्ट केला. काही नाही. मग आतल्या खोलीतून लेकीचा आवाज आला: "बाबा, प्रिंटर ऑफलाइन दाखवतोय. त्याची वायर कुठे गेली?"

वायर गच्चीच्या पिशवीत होती. कॅमेऱ्याबरोबर केबल आली नव्हती, म्हणून मी प्रिंटरची चौकोनी तोंडाची केबल उचलली होती, आणि ती कॅमेऱ्यात छान बसली होती. घोटाळा तिथेच. यूएसबी ३.० चं ते सॉकेट दुमजली असतं. खालच्या मजल्यावर जुन्या चार पिना, वरच्या छोट्या मजल्यावर वेगासाठीच्या आणखी पाच. प्रिंटरची केबल खालच्या मजल्यावर चपखल बसते आणि वरचा मजला रिकामा राहतो. कॅमेरा तक्रार करत नाही, चित्र येतं, रंग येतात, फक्त वेग येत नाही. सरांना सांगितलं तर ते इतकं हसले की काकूंनी मागून काय झालं म्हणून विचारलं.

सोमवारी निळ्या तोंडाची केबल आणली. गच्चीवर ऐसपैस हालचाल हवी म्हणून पाच मीटरची घेतली. दर दोन मिनिटांनी चित्र गोठायचं आणि कॅमेरा गायब व्हायचा. साध्या केबलीवर यूएसबी ३.० तीन मीटरच्या पुढे भरवशाचं राहत नाही, हे मला ठाऊक होतं, तरी मोह झाला. ती परत करून दोन मीटरची आणली. आता लॅपटॉप स्टुलावर दुर्बिणीला चिकटून असतो आणि मी अंधारात त्या स्टुलाला अडखळतो.

आणखी एक मजा. प्लग जपून, हळूहळू आत सरकवला की कधीकधी कॅमेरा पुन्हा २.० म्हणूनच ओळखला जातो. जुन्या पिना आधी टेकतात आणि लॅपटॉप तेवढ्यावरच समाधान मानतो. प्लग एका झटक्यात पूर्ण आत घालायचा, आणि आकडा ओळखीच्या १८ वर दिसला की काढून परत घालायचा.

केबलीने १८ चे ६४ झाले. मग हाय स्पीड मोड चालू केला. तो बंद असताना हा सेन्सर प्रत्येक पिक्सेल १२ बिटमध्ये मोजतो, चालू असताना १० मध्ये, आणि वाचन जवळजवळ दुप्पट वेगाने होतं. ग्रहांसाठी हजारो फ्रेम्स एकावर एक चढणार असल्याने ते दोन बिट गेल्याचं दुःख नाही. टर्बो यूएसबीची पट्टी (कॅमेऱ्याने यूएसबीवरून किती जोरात डेटा ढकलायचा ते ठरवणारी) ४० वर होती, ती पाच-पाचने वर नेली. ९० ला फ्रेम्स गळायला लागल्या, मागे येऊन ८० वर थांबलो. आकडा १२१. एक्स्पोजर ८ मिलिसेकंद असताना कमाल १२५ च, त्यामुळे इथे मी खूश होतो.

शनिवार, १० जानेवारी. प्रतियुतीची रात्र, म्हणजे गुरू पृथ्वीवरून सूर्याच्या बरोबर विरुद्ध दिशेला. गुरूचं बिंब ४६.६ विकला (एक विकला म्हणजे अंशाचा ३६०० वा भाग), म्हणजे माझ्या सेन्सरवर १८७ पिक्सेल. पुण्याहून तो पाऊण वाजता जवळजवळ डोक्यावर येणार होता, पण डॉब डोक्यावर वळवणं म्हणजे जात्याशी कुस्ती. म्हणून साडेदहालाच सुरुवात केली. प्रिव्ह्यूत १२१. रेकॉर्डचं बटण दाबलं, वीसेक सेकंद १२१ टिकले आणि मग धबाधब ४५. गळलेल्या फ्रेम्सचा आकडा मीटरसारखा पळत होता.

आता सरांना फोन न करता गुणाकार केला. ४५ गुणिले २.१ म्हणजे ९५ एमबी. माझ्या म्हाताऱ्या लॅपटॉपमध्ये फिरती हार्ड डिस्क आहे, तिची लिहायची ताकद तेवढीच. पहिली वीस सेकंद रॅमने उधारी दिली, नंतर डिस्कने हात वर केले. १२१ फ्रेम्सना सेकंदाला २५७ एमबी लिहायला हवेत. एसएसडीला ते सहज जमतं, पण एसएसडीचा विषय घरात काढायला केबलींच्या खर्चानंतर थोडा काळ जाऊ द्यावा लागणार होता.

ज्यांच्याकडे मोटरवाला माउंट (ग्रहामागे आपोआप वळणारी बैठक) आहे ते म्हणतील, चौकट ३२० × २४० करा की. गुरू मधोमध थांबत असेल तर उत्तम. माझ्या डॉबवर तो थांबत नाही. एका पिक्सेलमध्ये पाव विकला मावते, आणि गुरू सेकंदाला सुमारे १४ विकला सरकतो, म्हणजे ५६ पिक्सेल. ३२० च्या चौकटीत पूर्ण बिंब जेमतेम अडीच सेकंद टिकतं.

इथे सेन्सरचा एक स्वभाव कामी आला. तो ओळीओळीने वाचला जातो. किती ओळी वाचायच्या यावर त्याचा वेग ठरतो, ओळीची लांबी कमी केल्याने वाचन लवकर होत नाही. मग रुंदी कशाला कापायची? मी चौकट १९३६ × ३२० ठेवली, एक लांबलचक पट्टी. कॅमेरा फोकसरमध्ये (दुर्बिणीच्या ज्या नळीत तो बसतो तिथे) फिरवत गेलो, गुरू पट्टीला समांतर सरकायला लागेपर्यंत. वर-खाली ६६-६६ पिक्सेलची मोकळीक राहते, तेवढ्यात हाताचा थरथराट आणि माझा तिरपेपणा खपून जातो. गुरू एका टोकाला आणून सोडायचा, रेकॉर्ड दाबायचं आणि हात खिशात घालायचे. पूर्ण बिंब दुसऱ्या टोकाला पोचायला ३१ सेकंद लागतात. फ्रेम ०.६२ एमबीची, १२१ ला ७५ एमबी. डिस्क निवांत.

एका फेरीत ३,७०० फ्रेम्स. गुरू ९ तास ५५ मिनिटांत स्वतःभोवती फिरतो, त्यामुळे माझ्या चित्रात बिंबाच्या मध्यावरचा तपशील मिनिटाला साधारण एक पिक्सेल सरकतो. तीन मिनिटं ही माझी हद्द. त्यात चार फेऱ्या बसतात, म्हणजे जवळजवळ १५,००० फ्रेम्स. प्रिंटरच्या केबलीवर, पूर्ण चौकटीत, याच चार फेऱ्यांत २,२०० मिळाल्या असत्या. हवा थरथरत असताना मधूनच एखादा क्षण स्थिर येतो, तो पकडायची संधी सातपट.

सोमवारी १२ तारखेला आकडा विनाकारण ७० वर आला. चार्जर खाली घरात राहिला होता आणि लॅपटॉप बॅटरी वाचवत बसला होता. एक्स्टेंशन बोर्ड वर नेला, प्रश्न मिटला. रेकॉर्डिंगचा फोल्डर अँटिव्हायरसच्या तपासणीतून वगळला. त्याने किती फरक पडला ते मोजलं नाही.

१४ तारखेला, संक्रांतीच्या रात्री, पहिल्यांदा सगळं जुळलं. स्लॅब दहानंतर निवला, आरशाला दोन तास बाहेर ठेवलं होतं. चार फेऱ्या, एकही फ्रेम गळली नाही. ऑटोस्टॅकर्ट या फ्रेम्स निवडून एकावर एक चढवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये सर्वात स्पष्ट १५ टक्के घेतल्या. विषुववृत्ताजवळचे दोन्ही पट्टे कडेपर्यंत सुटे दिसतात आणि उत्तरेकडच्या पट्ट्याच्या काठावर निळसर टोकं आहेत, जी मी याआधी फक्त दुसऱ्यांच्या फोटोंत पाहिली होती. कडेला थोडी लाल-निळी झालर आहे. ती वातावरणाची की माझ्या बार्लोची, हे गुरू डोक्यावर असताना काढलेल्या फेरीवरून कळेल, म्हणजे जात्याशी कुस्ती आलीच.

कॅमेरा विकणाऱ्याला तिळगुळाच्या शुभेच्छांबरोबर माफीही पाठवली. त्याने हसरा चेहरा पाठवला आणि विचारलं, "केबल कुठली लावली होती?" प्रिंटरच्या केबलीला आता लेकीने लाल नेलपॉलिशचा ठिपका लावलाय.