मनगटावरचा हिरवा दिवा

टेकडीवर सकाळी भेटणारी मंडळी हल्ली नमस्काराआधी मनगट वळवून घड्याळातली पावलं बघतात. "किती झाली?" "सात हजार." "अरे वा!" मग पुढची वाट. या सगळ्यांचं देवस्थान एकच, दहा हजार. हा आकडा कुठल्या डॉक्टरांनी ठरवला असेल असं मला उगाच वाटायचं. तो निघाला जपानी. 1964च्या टोकियो ऑलिंपिकनंतर तिथे व्यायामाचं वारं शिरलं आणि 1965मध्ये यामासा नावाच्या कंपनीने कमरेला लावायचं पावलं मोजणारं यंत्र बाजारात आणलं. गोल, लक्षात राहणारा आकडा त्या यंत्राबरोबर आला. संशोधन खूप नंतर. वयस्क बायकांवरच्या 2019च्या एका अमेरिकी अभ्यासात तर साधारण साडेसात हजारांपुढे फायदा फारसा वाढताना दिसला नाही. हे मी बाबांना सांगितलं. ते म्हणाले, "त्या अमेरिकेतल्या."

पावलं मोजतं ते घड्याळही तसं भाबडंच. त्याला पाय दिसत नाहीत, हाताचे हेलकावे कळतात. त्यामुळे आई चपात्या लाटते तेव्हा तिची पावलं वाढतात, आणि मॉलमधली ढकलगाडी दोन्ही हातांनी धरून तासभर हिंडलं तर बरीचशी बुडतात.

हे घड्याळ झोपेलाही गुण देतं, ते तर मी बघणंच सोडलं. गाढ झोप कुठली आणि स्वप्नांची कुठली, हे नीट कळायला मेंदूच्या लहरी टिपाव्या लागतात. घड्याळ हालचाल आणि नाडीवरून अंदाज बांधतं. छान झोप लागलेली असावी आणि सकाळी मनगटाने 'बावन्न गुण' म्हणावं, हा सासुरवास कशाला?

नाडीवर मात्र माझा विश्वास आहे. घड्याळाखालचा तो हिरवा प्रकाश आपलं रक्त शोषून घेतं. ठोक्यागणिक रक्त कमी-जास्त होतं, तसा परत येणारा प्रकाशही. पळताना पट्टा सैल असला की गडबड होते. पोलर या फिनलंडच्या कंपनीने 1980च्या दशकाच्या सुरुवातीला खेळाडूंसाठी नाडी मोजणारं, छातीच्या पट्ट्याचं बिनतारी यंत्र काढलं. तो पट्टा हृदयाचे विद्युत संकेत थेट टिपतो, म्हणून जोरात पळणारे अजून तोच बांधतात. पण स्वस्थ बसलेल्या माणसाची नाडी मनगटावरही बरी कळते. मोठ्या माणसाची मिनिटाला 60 ते 100 असते, मुरलेल्या धावपटूची चाळीसच्या आसपासही असू शकते. खरी गंमत दुसऱ्याशी तुलना करण्यात नाही, स्वतःच्या कालच्या आकड्याशी करण्यात आहे. बाबांची नाडी एरवी पासष्टच्या आसपास. ती सकाळी सकाळी पंचाहत्तर दिसली की आई काही न विचारता आल्याचा काढा उकळायला ठेवते, आणि बहुतेक वेळा संध्याकाळपर्यंत शिंका सुरू होतात.

पण बाबांना नाडीचं कौतुक नाही. रात्री जेवणाआधी ते दिवाणखान्यात येरझाऱ्या घालतात, कारण सहाशे कमी आहेत. परवा आईने स्वयंपाकघरातून हाक मारली, "अहो, कमी पडत असतील तर कणीक भिजवलेली आहे. या, लाटा!"