चीट कोड लावण्याआधी सेव्ह फाइल बाजूला काढून ठेवा

गेम कन्सोलवर होमब्र्यू, म्हणजे कंपनीच्या परवानगीशिवाय हौशी लोकांनी बनवलेले, चीट वापरावेत का, असं मला अधूनमधून कुणीतरी विचारतं. माझं उत्तर ठरलेलं आहे. एकट्याने खेळायचा गेम असेल आणि नेट बंद असेल, तर खुशाल वापरा. पण चीट म्हणजे नेमकं काय, आणि तो चालवायला आपण मशीनचं कुठलं दार उघडतो, हे आधी नीट समजून घ्या. ज्यांची मशीन कामातून गेलेली मी पाहिली, त्यातल्या बहुतेकांचं नुकसान त्या दारातून झालं होतं. चीट बिचारा साधा असतो.

मी यात पडले ती दादासाठी. हाताच्या दुखण्यामुळे त्याच्या उजव्या अंगठ्यात जोर नाही. एखादं बटण पटापट दाबायची वेळ आली की त्याचा गेम तिथेच अडकतो. त्याला आवडतात मोठ्या गोष्टीचे, महिनोन्‌महिने चालणारे गेम. त्यात सोपी पातळी नसेल तर मी कोड लावून देते: जीव संपू नये, घड्याळ थांबून राहावं, एवढंच. कोडी तोच सोडवतो, रस्ते तोच शोधतो. याला लबाडी म्हणणाऱ्यांशी मी वाद घालते, कारण समोर हरणारं कुणी नसतंच.

आता चीट म्हणजे काय ते बघू. गेम चालू असताना तुमची नाणी, जीव, बाण हे सगळं मेमरीत आकड्यांच्या रूपात कुठेतरी पडलेलं असतं. ती जागा शोधायची. समजा तुमच्याकडे ३४० नाणी आहेत. चीटच्या टूलला सांगायचं, मेमरीत जिथे जिथे ३४० आहे त्या जागा काढ. हजारो निघतात. मग गेममधल्या दुकानात जाऊन ५० नाणी खर्च करायची आणि सांगायचं, मघाच्या जागांपैकी आता २९० कुठे आहे? यादी झपाट्याने आक्रसते. अजून थोडी खरेदी केली की एखाद-दोन पत्ते उरतात. मला या कामात गेम खेळण्याइतकीच मजा येते, खरं सांगते.

पत्ता सापडला की कोड लिहायचा. निन्टेंडोच्या स्विच कन्सोलवर अॅटमॉस्फिअर नावाचं मोफत कस्टम फर्मवेअर, म्हणजे कंपनीच्या सिस्टिममध्ये बदल करून चालणारं सॉफ्टवेअर आहे, त्यात कोडची ओळ अशी दिसते:

०४०००००० ००१२३४५६ ००००००६३

सुरुवातीचं शून्य म्हणजे ‘इथे हा आकडा लिही’. त्यानंतरचा ४ म्हणजे चार बाइट लिही. मधला गट पत्त्याचा, तो मी उदाहरणापुरता घेतला आहे. शेवटचा ६३ हा हेक्साडेसिमल, म्हणजे सोळाच्या मोजणीतला आकडा आहे, आपल्या मोजणीत ९९. कोड चालू असेपर्यंत फर्मवेअर तिथे पुन्हापुन्हा ९९ लिहीत राहतं, त्यामुळे वस्तू कितीही वापरली तरी संपत नाही.

यातूनच पहिला धोका कळतो. हा पत्ता गेमच्या एका ठरावीक आवृत्तीचा असतो. अपडेट आलं की आतली मांडणी हलते आणि जिथे बाण होते तिथे दुसरंच काही येतं. म्हणून अॅटमॉस्फिअरमध्ये कोडच्या फाइलचं नाव गेमच्या बिल्ड आयडीवरून, म्हणजे त्या आवृत्तीच्या ओळखक्रमांकावरून ठेवतात आणि तो जुळला नाही तर फाइल वाचलीच जात नाही. कोड ‘लागत नाही’ म्हणून काहीजण फाइलचं नावच नव्या आयडीचं करतात. कृपा करून हे करू नका! ते कुलूप तुमच्याच भल्यासाठी आहे. चुकीच्या जागी आकडा लिहिला गेला आणि गेम लगेच बंद पडला, तर नशीब चांगलं म्हणायचं. वाईट गोष्ट म्हणजे तो बंद न पडता चालत राहतो आणि थोड्या वेळाने आपोआप सेव्ह करतो.

सेव्ह फाइल बिघडते ती बहुतेक वेळा अशीच, गाजावाजा न होता. गेमची मर्यादा ९९ असताना कुणी ९९९ लिहितं. कुणी भिंतीतून चालायचा कोड लावून पुढच्या भागात जातं, तिथे सेव्ह करतं, आणि मग कळतं की मागचा प्रसंग घडलाच नसल्यामुळे पुढचं दार कधीच उघडणार नाही. कोड बंद केला तरी सेव्हमध्ये गेलेलं तसंच राहतं. म्हणून माझा नियम कडक आहे: कोड लावण्याआधी सेव्हची प्रत काढायची, ती मेमरी कार्डावर न ठेवता कॉम्प्युटरवर ठेवायची, आणि फाइलच्या नावात तारीख घालायची. दादाच्या सेव्हच्या बाबतीत मी यात कधी सूट घेत नाही. महिन्यांची मेहनत असते त्याची.

आता दाराबद्दल. जुन्या काळी हे सोपं होतं. गेम जिनी नावाचं चीटचं यंत्र कार्ट्रिज आणि कन्सोल यांच्या मध्ये बसायचं, जाता जाता आकडा बदलायचं, आणि काढलं की मशीन पुन्हा होतं तसं. त्यावरून ते विकणारी गलूब कंपनी आणि निन्टेंडो यांच्यात कोर्टात खटला चालला, आणि १९९२ मध्ये अमेरिकेतल्या अपील न्यायालयाने गलूबच्या बाजूने निकाल दिला. आजचे कन्सोल कंपनीची डिजिटल स्वाक्षरी नसलेला प्रोग्रॅम चालूच देत नाहीत, त्यामुळे चीटच्या आधी मशीनची सुरक्षा फोडावी लागते. २०१८ मध्ये स्विचच्या टेग्रा चिपमधली त्रुटी जाहीर झाली. ती चिपमध्ये कायमच्या कोरलेल्या कोडात असल्याने विकून झालेल्या मशीनमध्ये अपडेटने दुरुस्त करता येत नाही, नंतर बनलेल्या मशीनमध्ये ती बुजवली गेली. इतर कन्सोलवर तर कुठलं फर्मवेअर आहे यावर सगळं अवलंबून असतं.

हे करताना मशीन ‘ब्रिक’ होऊ शकतं, म्हणजे चालूच होत नाही. म्हणून सगळ्यात आधी आतल्या स्टोरेजचा, म्हणजे नँडचा, पूर्ण बॅकअप. मूळ स्विचचा तो सुमारे ३० जीबीचा होतो आणि वेळ खातो, तरी थांबा. त्यात त्या एका मशीनच्या किल्ल्या आणि ओळखपत्र असतं, दुसऱ्याच्या बॅकअपने तुमचं मशीन उठणार नाही. चीट मूळ सिस्टिमवर न लावता कार्डावरच्या तिच्या नकलेत, म्हणजे इम्यूएमएमसीत लावायचे. कार्ड एफएटी३२ फॉरमॅटचं घ्या, कारण एक्सफॅट या दुसऱ्या फॉरमॅटवर होमब्र्यू चालवताना डेटा खराब होण्याचा धोका जास्त असतो.

आणि फाइल कुठून घेताय ते बघा. २००५ मध्ये सोनीच्या पीएसपी कन्सोलसाठी फर्मवेअर जुन्या आवृत्तीवर नेणारा प्रोग्रॅम म्हणून एक ट्रोजन, म्हणजे सोंग घेतलेला घातक प्रोग्रॅम, फिरत होता. तो सिस्टिमच्या फाइल पुसून मशीन निकामी करायचा. त्यापाठोपाठ निन्टेंडोच्या डीएस कन्सोलसाठीही तसाच आला. होमब्र्यू प्रोग्रॅमला मशीनमध्ये फार खोलवर हात घालता येतो, त्याला अडवणारं तिथे कुणी नसतं. मी फक्त सोर्स कोड उघडा असलेलीच, म्हणजे ज्यांचा मूळ कोड कुणालाही वाचता येतो अशीच टूल घेते. ‘सगळे चीट एकाच पॅकमध्ये’ असलं काही दिसलं की पुढे जाते.

कायद्याचं म्हणाल तर १७ ऑक्टोबर २०२४ ला युरोपीय संघाच्या न्यायालयाने सोनी आणि चीटची सॉफ्टवेअर बनवणारी डेटेल कंपनी यांच्या खटल्यात सांगितलं की प्रोग्रॅमचा कोड न बदलता मेमरीतली बदलती मूल्यं बदलली, तर त्या मूल्यांना सॉफ्टवेअरच्या कॉपीराइटचं संरक्षण नाही. पीएसपीवरच्या शर्यतीच्या गेममधल्या टर्बोचं ते प्रकरण होतं. मला हा निकाल पटतो. पण कन्सोलचं कुलूप तोडणं हा कायद्यातला वेगळा विषय आहे, आणि कंपनीच्या अटी मोडल्या की तिची सेवा बंद होणार हे तर आहेच.

ऑनलाइन चीट मी लावत नाही आणि कुणाला लावूनही देत नाही. समोरच्याने आपला वेळ खरेपणाने घातलेला असतो, तो वाया घालवायचा हक्क आपल्याला नाही. शिवाय पकडलं जाणं फार सोपं आहे. कन्सोल आपलं ओळखपत्र दाखवून सर्व्हरशी बोलतो. ते एकदा काळ्या यादीत गेलं की फॅक्टरी रीसेट करून काही होत नाही. नेट बंद ठेवून चीट लावले तरी नोंदी, बक्षिसं, अशक्य आकडे मशीनमध्येच असतात, आणि नंतर त्याच सिस्टिमवरून नेट जोडलं की ते बाहेर पडतात.

माझ्या मैत्रिणीने मुलासाठी जुना कन्सोल घेतला, तो आधीच बॅन झालेला निघाला. विकणाऱ्याने अवाक्षर काढलं नव्हतं. मुलाला मित्रांबरोबर ऑनलाइन खेळायचं होतं, ते राहूनच गेलं. जुना कन्सोल घेताना पैसे देण्याआधी तो विक्रेत्यासमोरच नेटला जोडा, गेमचं दुकान उघडतंय का ते बघा. आणि तुम्ही स्वतः होमब्र्यू वापरलेला कन्सोल विकणार असाल, तर जाहिरातीतच तसं लिहा आणि नँडचा बॅकअप नव्या मालकाच्या हाती द्या.