गावचा पाटील आणि अथेन्सचा पोरगा

माझ्या आत्याने सगळी नोकरी शाळेत चित्रकला शिकवण्यात घालवली. एलिमेंटरी-इंटरमिजिएटला बसलेल्या किती पोरांचे हात तिने वळवले, ते तिलाही सांगता येणार नाही. २०२३च्या डिसेंबरमध्ये मुंबईत छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात भारत, इजिप्त, ॲसिरिया, ग्रीस आणि रोमची शिल्पं एकत्र मांडली होती. ती बघून बाहेर पडताना आत्या म्हणाली, "ही सगळी पाहुणी म्हणून आलीयेत गं. यांना यांच्या घरी जाऊन बघायला हवं." मी सहज हो म्हटलं आणि अडकले. पुढे वर्षभराने गुडघ्याला पट्टा बांधलेली आत्या, तिची चित्रवही आणि मी असे कैरोला उतरलो.

तहरीर चौकातलं गुलाबी रंगाचं जुनं संग्रहालय १९०२चं. आतली मांडणीही बरीचशी त्याच काळातली वाटते. मला हे आवडलं. फार झगमगाट नाही, त्यामुळे मूर्तीशी एकटं उभं राहता येतं.

सुरुवात खाफ्राने झाली. गिझाचा दुसरा पिरॅमिड ज्याचा, तो हा राजा. दगड काळपट, हिरवट झाक असलेला, इतका कठीण की त्यावर छिन्नी कशी चालली असेल हाच प्रश्न पडावा. हा दगड दक्षिणेकडच्या वाळवंटातून शेकडो किलोमीटर ओढून आणलेला. राजा सिंहासनावर ताठ बसलाय आणि डोक्यामागे होरस हा देव ससाण्याच्या रूपात पंख पसरून बसलाय. समोरून बघितलं तर ससाणा दिसतच नाही, बाजूला गेलं की दिसतो. देखणं आहे, पण या माणसाशी बोलावंसं वाटत नाही. राजाच तो.

बोलावंसं वाटलं ते का-अपेरशी. लाकडात कोरलेला, साधारण साडेचार हजार वर्षांपूर्वीचा, पोट सुटलेला, गोल चेहऱ्याचा अधिकारी. उंची साडेतीन-पावणेचार फूट. हातात काठी, डावा पाय पुढे. डोळ्यांत स्फटिक बसवलाय आणि भोवती तांब्याची कड, त्यामुळे दिव्याचा उजेड पडला की बुबुळ चमकतं. १८६०मध्ये सक्कारा इथे मारिएत या फ्रेंच संशोधकाच्या मजुरांनी हा बाहेर काढला, तेव्हा ते ओरडले, "शेख अल-बलद!" म्हणजे गावचा मुख्य. त्यांच्या गावातला माणूस हुबेहूब असाच दिसत होता म्हणे. आजही त्याचं तेच नाव चालतं. आत्याला हे सांगितल्यावर ती लगेच म्हणाली, "म्हणजे पाटीलच की!" आणि खाली बसून चेहरा काढायला लागली. तासभर हलली नाही. पहारेकरी दोनदा डोकावून गेला, तिसऱ्यांदा वहीत बघून हसला.

तेवढ्यात मी राहोतेप आणि नोफ्रेतकडे गेले. नवरा-बायको शेजारी बसलेत, चुनखडीवरचा रंग अजून शाबूत. तो विटकरी, ती पिवळसर गोरी. पुरुष उन्हात, बाई सावलीत, असा इजिप्तचा रंगांचा संकेत. पण खरी गंमत बारकाव्यांत आहे. राहोतेपला बारीक मिशी आहे. नोफ्रेतच्या जाड टोपाखालून कपाळावर तिचे स्वतःचे केस डोकावतात. तेवढं दाखवलं नसतं तर कुणाचं काय अडलं असतं? पण कारागिराला ते सोडवलं नाही. १८७१मध्ये मेदुमच्या कबरीत शिरलेले मजूर यांच्या डोळ्यांना घाबरून मागे पळाले, असं सांगतात. मला पटलं.

आणि सेनेब. हा बुटका माणूस, दरबारात मोठ्या हुद्द्यावर. मांडी घालून बसलाय, बायकोने त्याला जवळ घेतलंय. त्याचे आखूड पाय मांडीत आहेत, म्हणून खाली जिथे पाय लोंबायचे तिथे शिल्पकाराने दोन मुलं उभी केलीत, तोंडात बोट घातलेली. घरच्या फोटोसारखी रचना जमून गेलीय आणि उणेपण लपवलेलंही नाही.

यातल्या बऱ्याच मूर्ती लोकांनी बघाव्यात म्हणून घडवलेल्याच नव्हत्या, हे कळल्यावर मी थोडी थबकले. मेलेल्या माणसाच्या 'का'ला, म्हणजे त्याच्या प्राणशक्तीला, राहायला जागा हवी म्हणून त्या कबरीत बंद केल्या जात. का त्यात येऊन राहणार, तर मूर्ती टिकली पाहिजे. म्हणून दगडात हात अंगापासून सुटे करायचे नाहीत, दोन पायांमधला दगड काढायचा नाही, पाठीला खांब ठेवायचा. का-अपेर लाकडाचा, म्हणून त्याचे हात वेगळे कोरून खुंट्यांनी जोडता आले. प्रमाणं ठरलेली. पुढच्या काळात तर उभ्या माणसाचे तळव्यापासून केसांच्या रेषेपर्यंत अठरा चौकोन हा हिशेब पक्का झाला. अर्धवट राहिलेल्या भिंतींवर त्या लाल रेघा अजून दिसतात. "आम्ही पोरांना चौकोन आखून चित्र मोठं करायला शिकवायचो, त्याला लोक घोकंपट्टी म्हणायचे," आत्या म्हणाली. तो राग जुना आहे.

संध्याकाळी कोशरी खाल्ली. भात, मसूर, मॅकरोनी, वर तळलेला कांदा. आत्याच्या मते खिचडीच, फक्त घाईत केलेली.

कैरोहून अथेन्स विमानाने दोनेक तास. राष्ट्रीय पुरातत्त्व संग्रहालयात पहिलाच धक्का सुनियनच्या कूरोसचा. कूरोस म्हणजे उभ्या तरुणाचा पुतळा. इ.स.पूर्व ६००च्या सुमाराचा, तीन मीटर उंच, संगमरवरी तरुण. डावा पाय पुढे, मुठी आवळलेल्या, नजर समोर. अगदी कैरोतली उभं राहण्याची ढब! त्या काळात ग्रीक भाडोत्री सैनिक आणि व्यापारी इजिप्तमध्ये वावरत होते. नाईलच्या त्रिभुज प्रदेशात नौक्रातिस ही त्यांची वसाहतच होती. ढब तिथून आली असणार. पण पायांमधला दगड काढून टाकलाय, पाठीचा खांब गेलाय आणि अंगावर कपडाही नाही.

आता माझी तक्रार. कूरोसांच्या दालनात फिरताना मला चेहरे वेगळे लक्षात ठेवता येईनात. सगळ्यांच्या ओठांवर तेच मंद हसू. क्रोइसोस नावाच्या तरुणाच्या थडग्यावरचा पुतळाही याच हसऱ्या चेहऱ्याचा. चौथऱ्यावर मात्र लिहिलंय की थांब, मेलेल्या क्रोइसोससाठी शोक कर, पहिल्या फळीत लढताना त्याला आरेसने, युद्धाच्या देवाने, नेलं. फ्रासिक्लेइयाचंही तसंच. १९७२मध्ये जमिनीखालून निघालेली ही मुलगी, हातात कमळाची कळी, वस्त्रावर रंगाच्या खुणा. तिचा लेख म्हणतो, मला कायम कुमारिकाच म्हणतील, देवांनी लग्नाऐवजी हेच नाव मला दिलं. वाचून घशाशी आलं. चेहऱ्याकडे बघून आलं नव्हतं. कैरोत मला माणसं भेटली होती, इथे माणसं अक्षरांत होती आणि दगडात नुसता देह.

देह मात्र असा की बोलती बंद. अक्रोपोलिस संग्रहालयातला 'क्रितिओसचा मुलगा' (क्रितिओस हे शिल्पकाराचं नाव) उंचीला जेमतेम चार फूट, हात तुटलेले, इ.स.पूर्व ४८०च्या आसपासचा. त्याने भार डाव्या पायावर टाकलाय, उजवा गुडघा किंचित वाकवलाय. एवढंच. पण त्यामुळे कंबरेची एक बाजू वर गेली, मान जराशी वळली, हसूही गेलं. विठोबाच्या समचरणांची सवय झालेल्या माझ्या डोळ्यांना आधी कळलंच नाही काय बदललंय. आत्याला कळलं. तिने मला तिच्याकडे बघायला सांगितलं. दुखरा गुडघा सैल सोडून, सगळा भार दुसऱ्या पायावर देऊन ती कधीची तशीच उभी होती.

पुन्हा तासभर चित्र. रात्री हॉटेलवर मी वही चाळली. पाटलाचं पान चेहऱ्याने भरलेलं, डोळ्यांतली चमकसुद्धा पकडलेली. पुढच्या पानावर अथेन्सचा पोरगा, कंबर, मांड्या, गुडघे, सगळं चोख, मानेपर्यंत.

"डोकं?" मी विचारलं.

"राहिलं," आत्या म्हणाली आणि पट्टा सोडून गुडघ्याला बाम लावायला लागली.