सियागंजातला कटर

मोरीच्या टाइल्स बदलायच्यात, म्हणून आज इंदूरच्या सियागंज बाजारात टाइल कटर बघत फिरलो. दुकानदाराची गाडी वॉटवरच अडलेली: "भिया, १४०० वॉट है, मक्खन जैसा काटेगा!" अहो, टवके उडणं न उडणं बरंचसं पात्यावर असतं. टाइलला अखंड कडेचं डायमंड पातं लागतं. खाचांचं पातं दगड-काँक्रीटसाठी. ४ इंची हातकटर स्वस्त, हलका, पण सरळ रेघ मारायला मिस्त्रीचाच हात हवा. शेवटी पाण्याचा ट्रे असलेला छोटा टेबलवाला घेतला. पातं गार राहतं आणि सिलिकाची धूळ कमी उडते (ती फुफ्फुसांना वाईटच, त्यात आमच्याकडे आजीला दमा). पाण्याशेजारी वीज, म्हणून आरसीसीबी (वीज गळाली की पुरवठा तोडणारा स्विच) तपासूनच प्लग लावणार. मिस्त्री मात्र या कटरला खेळणं म्हणतोय.