वहीतली उभी रेघ

२७ ऑगस्ट, रात्री

जुन्या वह्या चाळताना आज २००९ सालची रोजनिशी हाती लागली. अमेरिकेचे सिनेटर एडवर्ड केनेडी त्या वर्षी २५ ऑगस्टला मेंदूच्या कर्करोगाने गेले. त्यानंतर दोन दिवसांनी मी पानाच्या मधोमध एक उभी रेघ मारून दोन रकाने पाडले होते, डावीकडे जमा आणि उजवीकडे नावे. जमेच्या बाजूला ओळींमागून ओळी होत्या : १९६५ चा स्थलांतरितांविषयीचा कायदा, १९८६ चे दक्षिण आफ्रिकेवरील निर्बंध, १९९० चा अपंगांच्या हक्कांचा कायदा, १९९७ ची मुलांच्या आरोग्यविम्याची योजना. उजवीकडे एकच नोंद होती, ‘चॅपाक्विडिक, १९६९’. खाली हिशेब पुरा झाल्याच्या थाटात लिहिले होते, ‘जमा अधिक’.

आज ते पान वाचताना लाज वाटली, ती निष्कर्षापेक्षा त्या उजवीकडच्या नोंदीची. जिचा जीव गेला तिचे नाव मी लिहिलेच नव्हते. जिथे तो गेला त्या बेटाचे लिहिले होते.

तिचे नाव मेरी जो कोपेक्नी. वय २८, आईवडिलांची एकुलती एक मुलगी. एडवर्ड यांचे भाऊ रॉबर्ट केनेडी यांच्या १९६८ च्या राष्ट्राध्यक्षपदाच्या प्रचारात काम केलेल्या तरुणींपैकी ती एक होती, आणि त्या तरुणींसाठीच १८ जुलै १९६९ च्या रात्री त्या बेटावर मेजवानी ठेवलेली होती. तिथून एडवर्ड केनेडी तिला मोटारीने घेऊन निघाले. फेरीबोटीच्या धक्क्याकडे जाणारा डांबरी रस्ता सोडून गाडी कच्च्या रस्त्याला लागली आणि कठडे नसलेल्या एका अरुंद लाकडी पुलावरून पाण्यात उलटी पडली. केनेडी बाहेर आले, ती आतच राहिली. आपण पुन्हा पुन्हा बुडी मारून तिला शोधले, असे त्यांनी नंतर सांगितले, आणि त्यावर अविश्वास दाखवायला माझ्यापाशी काही आधार नाही. इथवर हा अपघात आहे, आणि अपघात कोणाच्याही हातून होऊ शकतो.

मी अडतो ते त्यापुढच्या तासांपाशी. पुलाच्या अगदी जवळ एक घर होते. तिथे मदत न मागता ते चालत मेजवानीच्या जागी परतले आणि आपल्या मावसभावाला व एका वकील मित्राला बोलावून घेऊन पुन्हा पाण्याशी आले. त्या दोघांच्या प्रयत्नांनाही यश आले नाही, तेव्हा केनेडी खाडी पोहून पलीकडे एडगरटाउनच्या आपल्या हॉटेलात गेले. रात्री दोन वाजून पंचवीस मिनिटांनी ते खोलीबाहेर आले आणि तिथल्या व्यवस्थापकाकडे त्यांनी तक्रार केली की आवाजामुळे झोप लागत नाही. त्याला वेळही विचारली. या एका तपशिलापुढे मला जाता येत नाही. घाबरलेला, भान हरपलेला माणूस मला समजू शकतो, पण आवाजाची तक्रार करणारा माणूस समजत नाही. आणि तो खरोखरच भांबावलेला असेल, तर ते भांबावणे कुठल्या जातीचे असेल याची कल्पना करवत नाही. सकाळी उलटी गाडी दिसली ती मासे धरायला आलेल्या दोघांना. पाणबुड्याने काही मिनिटांत तिला बाहेर काढले, आणि गाडीत अडकलेल्या हवेवर ती काही काळ जिवंत असावी, असे त्याचे मत होते. केनेडी पोलिसांकडे पोहोचले तेव्हा अपघाताला नऊ-दहा तास उलटले होते.

आठवड्याभरात, २५ जुलैला, अपघातस्थळ सोडून गेल्याचा गुन्हा त्यांनी कबूल केला. दोन महिन्यांची शिक्षा झाली आणि तीही स्थगित. न्यायालय देऊ शकेल त्याहून कितीतरी मोठी शिक्षा या माणसाला मिळालेली आहे आणि पुढेही मिळत राहील, अशा अर्थाचे न्यायाधीश तेव्हा बोलले. (याच न्यायाधीशांनी पुढच्या वर्षीच्या चौकशीत, केनेडींचे गाडी चालवणे निष्काळजीपणाचे असण्याची शक्यता आहे, असेही नोंदवले; त्यावरून खटला मात्र उभा राहिला नाही.) मोठ्या माणसाची अब्रू गेली की तीच त्याची शिक्षा मानायची, हा न्याय मला कधीच पटलेला नाही, लहान माणसाची अब्रूही जाते आणि वर तो तुरुंगातही जातो.

मेल्यामागे कोणाचे वाईट बोलू नये असा आपल्याकडे संकेत आहे आणि तो मी एरवी पाळतो. इथे मात्र मेलेली माणसे दोन आहेत. त्यांतले जे चाळीस वर्षांनी गेले, त्यांच्याविषयी गोड बोलायचे तर जी आधी गेली तिच्याविषयी गप्प बसावे लागते.

तरीही नुसता धिक्कार करून मोकळे होणे मला जमत नाही. पुलाच्या त्या रात्रीनंतर दोनच वर्षांनी, ऑगस्ट १९७१ मध्ये, हाच माणूस पूर्व पाकिस्तानातून आलेल्या निर्वासितांच्या पश्चिम बंगालमधील छावण्यांतून फिरत होता. राष्ट्राध्यक्ष निक्सन यांचे सरकार पाकिस्तानची पाठराखण करत असताना त्यांनी परत जाऊन सिनेटसमोर त्या हालअपेष्टांचा आणि अत्याचारांचा अहवाल ठेवला. १९६९ मध्ये त्यांनी राजीनामा दिला असता, तर तेवढ्या वजनाचा दुसरा कोणी सिनेटर त्या चिखलात उतरला असता का? अपंगांच्या कायद्यासाठीही ते नुसते मत देऊन थांबले नाहीत. कर्करोगामुळे त्यांच्या मुलाचा पाय बाराव्या वर्षी कापावा लागला होता आणि हा विषय त्यांच्या घरातलाच होता.

ब्रिटनचे मंत्री जॉन प्रोफ्युमो संसदेत खोटे बोलल्याची कबुली देऊन १९६३ मध्ये पायउतार झाले आणि पुढची कित्येक दशके पूर्व लंडनमधील एका सेवासंस्थेत विनावेतन राबले. लोक त्यांचे उदाहरण प्रायश्चित्ताचा नमुना म्हणून देतात आणि ते खरेही आहे. केनेडींनी खुर्ची सोडली नाही. पण ज्या घराण्याच्या आणि पदाच्या वजनामुळे ते त्या रात्रीतून इतक्या स्वस्तात सुटले, त्याच वजनामुळे पुढचे कायदे मंजूर झाले. माझ्या वहीतली चूक इथे आहे. मी दोन रकाने वेगळे धरले आणि मधे रेघ मारली, जणू एकीकडे वाईट माणूस होता आणि दुसरीकडे चांगला. शिवाय जमाखर्चात देणे ज्याचे असते त्यालाच ते पोहोचावे लागते. अपंग नागरिकाला मिळालेला हक्क किंवा एखाद्या मुलाला मिळालेले औषध ही मेरी जोच्या खात्यावरची परतफेड होऊ शकत नाही. तिच्या खात्यावर आता कोणाला काही भरताच येत नाही. आणि तिच्या मरणामुळे त्या मुलाचे औषध खोटे ठरत नाही, हेही तितकेच खरे.

मॅसॅच्युसेट्सच्या मतदारांनी त्यांना १९७० मध्ये सहज निवडून दिले. देशाने मात्र १९८० मध्ये राष्ट्राध्यक्षपदाच्या उमेदवारीपर्यंतही पोहोचू दिले नाही. त्यामागे इतर कारणेही होती, पण त्या पुलाची आठवण नक्कीच होती. मी तिथला मतदार असतो तर काय केले असते, याचा आज प्रामाणिकपणे विचार केला. १९७० मध्ये मी त्यांना मत दिले नसते, त्याबद्दल शंका नाही. १९९४ मध्ये मिट रॉमनी त्यांच्याविरुद्ध उभे होते, तेव्हा दिले असते, अपंगांच्या त्या कायद्यासाठी आणि पुढच्या अपेक्षेनेही. पण त्या वेळी तिचे आईवडील दोघेही हयात होते, आणि मत देऊन बाहेर पडताना ते समोर आले असते, तर मी मान खाली घालून रस्ता बदलला असता.